दोन वह्यांचा हिशेब

घरात रात्रभर जळणारा एलईडीचा झिरोचा दिवा साधारण अर्ध्या वॅटचा असतो. पृथ्वीच्या प्रत्येक चौरस मीटरवर, मग तो सह्याद्रीचा कडा असो, सहाराची वाळू असो की भर समुद्र, असे दीड दिवे अहोरात्र जळत आहेत असे समजा. पृथ्वीच्या ऊर्जेच्या जमाखर्चात दरवर्षी जी शिल्लक उरते, ती साधारण एवढीच आहे. आंतरशासकीय हवामानबदल समितीच्या (आयपीसीसी) २०२१च्या अहवालाने २००६ ते २०१८ या काळासाठी ती चौरस मीटरला ०.७९ वॅट धरली. आकडा दिसायला क्षुल्लक आहे. पण पृथ्वीचे क्षेत्रफळ ५१ कोटी चौरस किलोमीटर भरते आणि वर्षात तीन कोटींहून अधिक सेकंद असतात. गुणाकार केला, की सगळी मानवजात कोळसा, तेल, वायू, वीज धरून वर्षभरात जेवढी ऊर्जा वापरते, तिच्या वीसपट उष्णता दरवर्षी पृथ्वीवर साठते आहे असे दिसते. समुद्र चढणे, बर्फ वितळणे, उन्हाळे कडक होणे ही सगळी या शिल्लकेची पुढची वाटचाल. मग हा आकडा मोजला कोणी, आणि निरनिराळ्या मोजमापांचे त्यावर एकमत आहे का, हे विचारलेच पाहिजे. उत्तर शोधताना एक गोष्ट सतत ध्यानात ठेवावी लागते. आकडे जुळले एवढ्याने काही सिद्ध होत नाही. ते न जुळण्याची खरीखुरी शक्यता असूनही जुळले असतील, तरच त्या जुळण्याला अर्थ असतो.

आधी जमेची आणि खर्चाची बाजू पाहू. सूर्याकडून वातावरणाच्या माथ्यावर येणारी ऊर्जा, दिवस-रात्र आणि सगळे अक्षांश यांची सरासरी काढली, तर चौरस मीटरला सुमारे ३४० वॅट. त्यातले शंभरेक वॅट ढग, बर्फ, धूळ आणि जमीन जसेच्या तसे परत फेकतात. उरलेले २४० पृथ्वी शोषते, आणि जवळजवळ तेवढेच अवरक्त किरणांच्या रूपाने अवकाशात सोडते. या ‘जवळजवळ’मध्येच तो पाऊण वॅट दडलेला आहे. दोन मोठ्या संख्यांची वजाबाकी करून लहान संख्या काढणे हा मोजमापशास्त्रातला सर्वांत धोक्याचा व्यवहार. २४० मोजताना एका टक्क्याची चूक झाली, तर ती २.४ वॅटची होते, म्हणजे शोधायच्या संख्येच्या तिप्पट. अवकाशात वर्षानुवर्षे फिरणाऱ्या उपकरणात एक टक्क्याची अचूकता राखणे ही खरे तर थोर कामगिरी आहे. या कामाला मात्र ती पुरत नाही.

जमेच्या बाजूची कथा तर शिकवण्यासारखी आहे. सूर्याकडे थेट तोंड करून मोजलेली ऊर्जा कित्येक वर्षे चौरस मीटरला १३६५ ते १३६६ वॅट अशी छापली जात होती. निरनिराळ्या उपग्रहांवरची उपकरणे थोड्याफार फरकाने हेच सांगत होती, म्हणून कोणाला फारशी शंका नव्हती. २००३ मध्ये ‘सोर्स’ नावाचा उपग्रह गेला आणि त्यावरच्या उपकरणाने १३६१ सांगितले. पहिला संशय साहजिकच नव्यावर आला. पुढे प्रयोगशाळेत ताडून पाहिल्यावर उलगडा झाला, की जुन्या उपकरणांमध्ये मोजणीचे नेमके छिद्र आत खोलवर होते आणि पुढचे छिद्र मोठे. त्यातून जास्तीचा प्रकाश शिरून आत विखुरत होता. नव्या उपकरणात नेमके छिद्र सर्वांत पुढे ठेवले होते. ग्रेग कॉप आणि ज्युडिथ लीन यांनी २०११ मध्ये १३६०.८ हा आकडा मांडला आणि तोच आता चालतो. साडेचार-पाच वॅटचा हा फरक चारने भागून परावर्तित भाग वजा केला, तर ०.८ वॅटच्या आसपास येतो. म्हणजे नुसत्या सूर्याच्या मोजणीतली चूक पृथ्वीच्या सगळ्या शिल्लकेएवढी होती! आणि ज्या उपकरणांचे एकमत होते, त्यांचे दोषाबाबतही एकमत होते, कारण त्यांची घडण एकाच पठडीतली होती. एकाच मास्तरांच्या चुकीच्या पाठावरून उतरवून घेतलेली दहा मुलांची उत्तरे जुळणारच.

खर्चाची बाजू मोजतात ती नासाची ‘सेरेस’ मालिकेतली उपकरणे. पहिले १९९७ मध्ये ‘ट्रिम’ उपग्रहावर गेले, मग १९९९ मध्ये ‘टेरा’वर, २००२ मध्ये ‘अ‍ॅक्वा’वर आणि नंतर आणखी दोन उपग्रहांवर. आपल्या इस्रोने फ्रान्सच्या सहकार्याने २०११ मध्ये सोडलेल्या ‘मेघा-ट्रॉपिक्स’वरही ‘स्कारॅब’ हे याच कामाचे उपकरण होते, फक्त त्याची नजर उष्ण कटिबंधापुरती होती. सेरेसच्या कच्च्या मोजमापांची बेरीज-वजाबाकी केली, तर शिल्लक सुमारे ४.३ वॅट येते. हा आकडा खरा असणे शक्य नाही. एवढी ऊर्जा खरोखर साठत असती, तर समुद्र आज तापतो आहे त्याच्या पाच-सहा पट वेगाने तापला असता. इथे शंकेखोर वाचक म्हणेल, की चार वॅटची चूक करणारे उपकरण पाऊण वॅटबद्दल काय सांगणार? आक्षेप वाजवी आहे, आणि त्याचे उत्तर वाण्याच्या दुकानात मिळते. तराजूचा काटा कायम दोन किलो जास्त दाखवत असेल, तर त्याच्यावर पोत्याचे खरे वजन कळणार नाही. पण पोते गेल्या महिन्यापेक्षा अर्धा किलोने भरले आहे, हे मात्र बरोबर कळेल. अट एवढीच, की काट्याची चूक दर महिन्याला तीच राहिली पाहिजे. सेरेसचे खरे मोल या स्थिरतेत आहे. निरपेक्ष आकड्यात ते चुकते. बदल ते बारकाईने टिपते.

म्हणून दुसरी वही लागते, आणि ती समुद्रात आहे. साठलेली उष्णता जाते कुठे, याचा हिशेब २०२० मध्ये कारिना फॉन शुकमान आणि त्यांच्या मोठ्या चमूने मांडला: ८९ टक्के समुद्रात, ६ टक्के जमिनीत, ४ टक्के बर्फ वितळवण्यात आणि हवेत फक्त १ टक्का. याचे कारण साधे आहे. सगळ्या वातावरणाची उष्णता धरून ठेवण्याची क्षमता इतकी कमी, की वर्षाची सगळी शिल्लक हवेतच राहिली असती, तर हवेचे सरासरी तापमान दरवर्षी दोन अंशांनी चढले असते. समुद्राची क्षमता याच्या हजारपट. म्हणून समुद्र तापतो आहे की नाही हे मोजणे म्हणजे जवळजवळ सगळी शिल्लक मोजणे. हे काम ‘आर्गो’ तरंगक करतात. उंच, नळकांड्यासारखे हे यंत्र हजार मीटर खोलीवर वाहत राहते, दर दहा दिवसांनी दोन हजार मीटरपर्यंत बुडी मारते, वर येताना तापमान, क्षारता आणि दाब नोंदते आणि पृष्ठभागावर येऊन उपग्रहाला सांगून पुन्हा खाली जाते. २००७च्या अखेरीस असे तीन हजार तरंगक जगभर झाले. आज चार हजारांच्या आसपास आहेत. हिंदी महासागरातले कित्येक हैदराबादच्या ‘इन्कॉइस’ संस्थेने सोडलेले आहेत. पाऊण वॅटने वरचा दोन किलोमीटर समुद्र वर्षाला अंशाच्या तीन-चार हजारांशांएवढाच तापतो. एका तापमापकाला हे पेलणार नाही. हजारो तरंगकांच्या लाखो नोंदींच्या सरासरीला पेलते.

आता इथे एक अडचण आहे, आणि ती बहुतेक सोप्या पुस्तकांत गाळली जाते. सेरेसची जी आकडेवारी अभ्यासक सर्रास वापरतात, तिच्यात ४.३चा आकडा दुरुस्त करून आणलेला असतो. जुलै २००५ ते जून २०१५ या दहा वर्षांची सरासरी समुद्राच्या मोजणीप्रमाणे ०.७१ वॅट यावी, अशा रीतीने किरणांचे आकडे त्यांच्या चुकीच्या मर्यादेत राहूनच थोडेथोडे सरकवलेले आहेत. तेव्हा ‘उपग्रह आणि समुद्र दोघेही ०.७ सांगतात’ असे कोणी लिहिले, तर ते वाक्य खोटे नसले तरी पोकळ आहे. एका वहीतली बेरीज दुसऱ्या वहीत उतरवून मग दोन्ही जुळतात म्हणण्यासारखे ते झाले. मग सगळाच व्यवहार घरच्या घरी ठरवलेला, असे म्हणायचे का? तसे नाही. सरकवणे एकदाच झाले आणि ते स्थिर आहे; त्याने पातळी बदलली, पण एका वर्षापासून दुसऱ्या वर्षापर्यंतची चढउतार किंवा वीस वर्षांचा कल त्याने बदलत नाही. या गोष्टींत दोन वह्या एकमेकींना विचारून चालत नाहीत. एकीत आरसे, गाळण्या आणि संवेदक आहेत, दुसरीत खाऱ्या पाण्यात बुडणारे तापमापक. नॉर्मन लोब आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये २००५च्या मध्यापासून २०१९च्या मध्यापर्यंतचे दोन्ही कल शेजारी ठेवून पाहिले. दोघांतही शिल्लक दशकाला सुमारे अर्ध्या वॅटने वाढत होती. चौदा वर्षांत ती जवळजवळ दुप्पट झाली. एकाने वाढ दाखवली आणि दुसऱ्याने घट, असे सहज होऊ शकले असते. ते झाले नाही, म्हणून हे जुळणे मोलाचे.

तसे एकदा झालेही होते. २००६ मध्ये जॉन लायमन, जोश विलिस आणि ग्रेगरी जॉन्सन यांनी एक निबंध प्रसिद्ध केला. त्याचे म्हणणे असे, की २००३ ते २००५ या दोन वर्षांत वरच्या समुद्राने एवढी उष्णता गमावली, की १९५५ पासून कमावलेल्यातला पाचवा हिस्सा गेला. जागतिक तापमानवाढीवर ज्यांचा विश्वास नव्हता, त्यांना हा निबंध सणासारखा वाटला. पण त्याच काळात सेरेस सांगत होते, की पृथ्वीत ऊर्जा येतच आहे. समुद्राची पातळी मोजणारे उपग्रह सांगत होते, की पातळी चढतेच आहे. पाणी थंड होऊन आकुंचन पावले असेल, तर एवढे चढायला बर्फ अफाट वितळायला हवे होते, आणि तसे वितळल्याची खूण नव्हती. तीन वह्यांपैकी एक कुठेतरी चुकत होती. विलिस यांनी स्वतःच्या आकड्यांत शोध घेतला, तेव्हा दोन दोष सापडले. काही आर्गो तरंगकांमध्ये दाबाची नोंद चुकत होती, त्यामुळे खालच्या थंड पाण्याचे तापमान वरच्या पातळीच्या नावावर पडत होते. दुसरा दोष जुन्या साधनात होता. जहाजावरून बारीक तांब्याच्या तारेला बांधून सोडले जाणारे, पुन्हा न मिळणारे तापमापक खोली मोजत नाहीत. किती वेळात किती बुडाले असेल, या गृहीतावरून ती काढली जाते. गृहीत थोडे चुकल्याने ते समुद्र असतो त्याहून उबदार दाखवत. जुनी उबदार साधने कमी होत गेली आणि नवी, काही बिघडलेली साधने वाढत गेली, आणि कागदावर समुद्र थंड झाला. दोष काढल्यावर ती थंडी नाहीशी झाली. लेखकांनीच दुरुस्ती प्रसिद्ध केली.

यावर एक बोचरा प्रश्न नेहमी विचारला जातो: आकडे मनाजोगे आले नाहीत की दोष शोधायचा, मनाजोगे आले की शोधायचा नाही, हीच तुमची पद्धत का? प्रश्न टाळण्यासारखा नाही, कारण माणूस नावडत्या आकड्याकडे जास्त डोळे फाडून पाहतो हे खरेच आहे. पण इथे पुरावा दुसऱ्या बाजूचाही आहे. त्याच बुडणाऱ्या तापमापकांची दुरुस्ती मागच्या दशकांनाही लावली गेली, तेव्हा १९७०च्या दशकात समुद्र बराच तापल्याचा जो उंचवटा आलेखांत दिसे, तो बहुतांशी विरघळला. तापमानवाढीच्या बाजूचा एक ठळक उंचवटा त्याच दुरुस्तीने गेला, आणि कोणी तो वाचवायला धावले नाही. अलीकडचे उदाहरणही आहे. २०१६ नंतर समुद्रपातळीचा हिशेब मिळेनासा झाला: एकूण चढ वेगळा आणि पाण्याचा प्रसार अधिक वितळलेले बर्फ ही बेरीज वेगळी. शोध घेतला तर काही आर्गो तरंगकांतला क्षारता मोजणारा भाग हळूहळू घसरत असल्याचे आढळले, आणि पातळी मोजणाऱ्या ‘जेसन-३’ उपग्रहावर हवेतली वाफ मोजणारे साधनही घसरत असल्याचे. दोष दोन्ही वह्यांत होते. शंका वहीच्या रंगावरून घेतली गेली नव्हती, बेरीज न जुळल्यावरून घेतली गेली होती.

इथपर्यंत वातावरणाच्या माथ्याची गोष्ट झाली. वातावरणाच्या आत शिरलो, की चित्र बरेच विस्कटलेले आहे, आणि हे मोकळेपणाने सांगितले पाहिजे. हवा स्वतः किरणे टाकून सतत थंड होत असते, चौरस मीटरला शंभरेक वॅटने. ही तूट भरून निघते ती थोडी जमिनीच्या उष्णतेने आणि बरीचशी पावसाने. वाफेचे ढग होताना अप्रकट उष्णता सुटते आणि ती हवेला मिळते. म्हणजे जगात एकूण किती पाऊस पडतो हे ऊर्जेच्या हिशेबानेच ठरते. एक वॅट म्हणजे वर्षाला साडेबारा मिलिमीटर पाऊस, असे हे सोपे रूपांतर आहे. पर्जन्यमापक आणि उपग्रह यांवरून बांधलेली जागतिक पावसाची प्रचलित आकडेवारी सुमारे ७६ वॅटचा पाऊस दाखवते. केव्हिन ट्रेनबर्थ यांनी २००९ मध्ये आपला प्रसिद्ध ऊर्जाचित्राचा तक्ता काढताना तो पाच टक्क्यांनी वाढवून ८० केला, नाहीतर बेरीज बसत नव्हती. ग्रॅम स्टीफन्स यांच्या चमूने २०१२ मध्ये किरणांच्या बाजूने हिशेब केला, तर ८८ आले. दोघांत वर्षाला शंभर मिलिमीटर पावसाचा फरक! पर्जन्यमापक वाऱ्यात पाऊस कमी पकडतो, समुद्रावर मापक नाहीतच, आणि रिमझिम उपग्रहांना नीट दिसत नाही. उलट बाजूने, ढगांच्या खालून जमिनीकडे येणारी अवरक्त किरणे वरून थेट दिसत नाहीत. ती ढगांचा पाया कुठे आहे या अंदाजावर अवलंबून असतात. स्टीफन्स यांनी पृष्ठभागावरची शिल्लक ०.६ वॅट लिहिली, आणि तिच्या पुढे अनिश्चितता लिहिली १७ वॅटची. हे त्यांनी लपवले नाही, ही विज्ञानाची शोभा म्हणा. पण तेवढ्याने हिशेब जुळत नाही.

मग पुनर्विश्लेषणांचे काय, असे जाणकार विचारतील. युरोपचे ‘एरा-५’, नासाचे ‘मेरा-२’, जपानचे ‘जेआरए-५५’ ही प्रतिमाने जगभरच्या निरीक्षणांना हवामानाच्या समीकरणांत ओवून दर तासाचे किंवा काही तासांचे चित्र देतात. कामासाठी ती उत्तम आहेत. पण दर काही तासांनी निरीक्षणांशी मेळ घालताना त्यांना हवेचे तापमान आणि आर्द्रता थोडी ढकलावी लागते, आणि या ढकलण्यात ऊर्जा कुठूनतरी येते किंवा कुठेतरी जाते. नव्या उपग्रहाची निरीक्षणे आत येऊ लागली, की हिशेबात पायरी पडते. ‘मेरा’च्या पहिल्या आवृत्तीत १९९८च्या अखेरीस एका नव्या सूक्ष्मलहरी उपकरणाची निरीक्षणे आत घेतल्यावर जगाचा पाऊस एकदम वाढलेला दिसतो, आभाळाला त्याची काही खबर नव्हती. आणि तीन पुनर्विश्लेषणे एकमेकांशी जुळली, तर मी फार आनंदी होणार नाही, कारण ती बहुतेक एकाच उपग्रहांची निरीक्षणे खातात. जुन्या सौर उपकरणांचा धडा इथे पुन्हा लागू होतो.

आता शेवटचा आक्षेप. पृष्ठभागावर १७ वॅटची अनिश्चितता असेल, तर माथ्यावरच्या पाऊण वॅटवर विश्वास कशासाठी? कारण हे दोन निराळे प्रश्न आहेत. घरात कोणत्या खोलीवर किती खर्च झाला याचा हिशेब लागत नसला, तरी बँकेच्या खात्यातली शिल्लक वाढली की घटली हे सांगता येते. पृथ्वीचे खाते समुद्र आहे, आणि त्याचे पासबुक आर्गो भरते. मात्र दुसऱ्या टोकालाही जाऊ नये. लोब यांच्या निबंधात दशकाला अर्ध्या वॅटच्या वाढीपुढे अनिश्चितता ०.४७ छापली आहे. वाढ आहे हे ठाम, पण तिचा नेमका वेग अजून सैल आहे. दोन हजार मीटरच्या खालचा समुद्र आर्गोच्या नेहमीच्या तरंगकांना दिसत नाही, आणि ध्रुवांजवळ बर्फाखाली नोंदी विरळ आहेत. एखाद्या वर्षाच्या उसळीवरून कोणी भविष्य मांडत असेल, तर त्याच्याकडून किमान दोन वह्या मागून घ्याव्यात.

आणि वहीची पाने सलग हवीत. सेरेसची निरपेक्ष पातळी विश्वासार्ह नसल्याने एका उपग्रहाची नोंद दुसऱ्याला जोडायची, तर दोन्ही काही काळ एकत्र आकाशात असावे लागतात. १९८४ मध्ये गेलेल्या जुन्या उपग्रहाची नोंद संपली आणि टेराची सुरू झाली, यांच्यामध्ये काही महिन्यांची फट राहिली. ती बुजवण्यासाठी अभ्यासकांना प्रतिमानांचा आधार घ्यावा लागला. टेरा आणि अ‍ॅक्वा सहा वर्षांसाठी बांधले होते. त्यांना वीस वर्षांहून जास्त झाली. सेरेस मालिकेतले शेवटचे उपकरण नोव्हेंबर २०१७ मध्ये ‘नोआ-२०’ उपग्रहावरून गेले. त्याची जागा घेणारे उपकरण २०१८ मध्ये नासाने रद्द केले, आणि त्यानंतर दोन वर्षांनी ‘लिबेरा’ निवडले गेले. रोमन पुराणकथांत लिबेरा ही सेरेस देवीची मुलगी.